१९६३चा चिनी क्रोनोग्राफ: अस्सल रीइश्यू ओळखायचा कसा, घ्यायचा कुठला?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

मला चावीचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, घ्यायचा आहे. ऑटोमॅटिक नको, क्वार्ट्झ तर नकोच. सकाळी चावी द्यायची, बटण दाबलं की आत काहीतरी खरंच हललं हे बोटाला कळलं पाहिजे, एवढी साधी इच्छा. बजेट पंचवीस हजार, ओढूनताणून तीस. या पैशात फिरून फिरून एकच घड्याळ समोर येतं: चिनी हवाई दलाचं १९६३चं म्हणतात ते. मोतिया डायल, सोनेरी खुणा, निळे काटे, सेकंदाचा लाल काटा आणि डायलवर लाल तारा. देखणं आहे, वादच नाही.

पण हेच घड्याळ चार-पाच नावांनी विकलं जातंय. कुणी सीगल म्हणतो, कुणी रेड स्टार, कुणी सुगेस, काहींवर नावच नाही. किमती पंधरा हजारांपासून चाळीसपर्यंत. एका विक्रेत्याचं म्हणणं की त्याच्याकडचा नग खुद्द १९६३ सालचा आहे, न वापरलेला जुना स्टॉक. मागच्या बाजूला काच आहे, आतलं मशीन दिसतं, आणि भाव पंचावन्न हजार. यातलं खरं कोण?

दुसरं, मुंबईला चोर बाजारात एका दुकानात जुना स्विस क्रोनोग्राफ पाहिला. नऊ हजार सांगितले. डायल अगदी नवं कोरं. बरोबरचा मित्र म्हणतो, चिनी कशाला घेतोस, हा घे आणि मोकळा हो. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

---

काटेकोर

गोदाकाठ, ठाण्याला आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. तुम्ही म्हणताय ती घड्याळं आमच्या टेबलावर नेहमी येतात आणि या मशीनवर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पंचावन्न हजारवाल्याचा विषय आधी संपवू. चीन सरकारने १९६१ साली तिआनजिनच्या घड्याळ कारखान्याला हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवायचं काम दिलं. प्रकल्पाचा क्रमांक ३०४. स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीकडून त्यांच्या १७५ नंबरच्या मशीनची सगळी हत्यारं, साचे, यंत्रं विकत घेतली गेली. १९६३ला नमुने तयार झाले आणि पुढच्या काही वर्षांत साधारण १४०० घड्याळं बनली. ती वैमानिकांच्या हाती गेली, दुकानांत कधी आलीच नाहीत. जे दुकानातच आलं नाही त्याचा न वापरलेला स्टॉक कुठल्या गोदामात सापडणार? शिवाय मागची काच: आतलं मशीन दाखवायची ही हौस आपल्या काळातली. साठच्या दशकातल्या लष्करी घड्याळाला पाठीमागे पोलादी झाकण असायचं. आणि डायलवर किंवा झाकणावर सीगल लिहिलं असेल तर तेवढ्यावरच निकाल लागला, कारण कारखान्याने ते नाव सत्तरच्या दशकात निर्यातीसाठी घेतलं. तो नग आजचाच आहे, सालाच्या नावावर दुप्पट पैसे मागतायत. त्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

आता इतक्या नावांचं. मशीन तिआनजिनचं, आज त्याला एसटी१९ म्हणतात, आणि या घड्याळात बसतं त्याचा पुढचा नंबर १९०१. कारखाना हे मशीन बाहेरच्यांनाही विकतो. केस, डायल, काटे बनवणारे चीनमध्ये पुष्कळ आहेत. त्यामुळे मशीन एकच आणि जुळणी करणारे हात वेगळे, असा हा प्रकार आहे. सीगलचा अधिकृत रीइश्यू, म्हणजे जुन्या घड्याळाची नव्याने काढलेली आवृत्ती, आहेच. तो महाग, आणि त्याची तपासणी कारखान्यात होते. बाकीच्यांना मी नकली म्हणणार नाही, कारण आतलं काळीज तेच आहे. पण जुळणीत फार फरक पडतो. तेल किती घातलंय, काटे कसे बसवलेत, डायलखाली धूळ राहिली का, हे नगानगाला बदलतं.

रीइश्यू म्हणजे काय, हे एकदा नीट पाहून घ्या, मग तुमची निवड सोपी होईल. बहुतेक कंपन्या रीइश्यू काढतात तेव्हा फक्त चेहरा परत आणतात. हॅमिल्टनने २०१७ साली इंट्रामॅटिक ६८ काढलं. मूळ १९६८चं क्रोनोग्राफ बी ३६ मिमीचं, चावीचं, तारीख नसलेलं. नवं ४२ मिमीचं, ऑटोमॅटिक, आणि सहाच्या जागी तारखेची खिडकी. घड्याळ उत्तम आहे, पण आत वेगळंच मशीन आहे. बुलोव्हाचं लूनर पायलट तर आणखी दूर गेलं. १९७१च्या अपोलो १५ मोहिमेत अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांच्या ओमेगाची काच निघाली, म्हणून त्यांनी चंद्रावर शेवटच्या फेरीला स्वतःजवळचं बुलोव्हा बांधलं. २०१५ साली ते घड्याळ लिलावात सोळा लाख डॉलरच्या वर गेलं आणि पुढच्याच वर्षी कंपनीने रीइश्यू काढला. मूळ घड्याळ चावीचं, रीइश्यू क्वार्ट्झ! क्वार्ट्झ फार वरच्या दर्जाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण तुम्हाला हवी ती बोटाची जाणीव त्यात मिळायची नाही.

चेहऱ्याबरोबर मशीनही परत आणलं अशी उदाहरणं मोजकीच. ओमेगाने आपलं जुनं ३२१ मशीन पुन्हा बनवायला घेतलं तेव्हा अंतराळवीर जीन सर्नन यांच्या स्पीडमास्टरचं आतून स्कॅनिंग केलं आणि त्याबरहुकूम सुटे भाग तयार केले. त्याची किंमत इथे काढत नाही. तुम्ही पाहताय ते चिनी घड्याळ याच मोजक्यांच्या पंगतीत बसतं. मूळ घड्याळातलं मशीन व्हीनस १७५च्या साच्यांवर घडलं आणि आजचं एसटी१९ त्याच वंशातलं आहे. तेच कॉलम व्हील (क्रोनो चालू-बंद करणारं खांबांचं चाक), तोच आडवा क्लच (बाजूने सरकून क्रोनोला जोडणारा). वीस हजारांच्या आसपास पैशांत असं मशीन दुसरीकडे कुठेच मिळत नाही. म्हणून माझं सांगणं की डायलवरच्या ताऱ्याकडे नंतर बघा, आधी मशीन बघा.

कसं बघायचं? मागे काच असलेला नग घ्या आणि आयग्लास (घड्याळजीचं भिंग) लावून बघा. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा. कडेला एक छोटं चाक दिसेल, त्यावर गोलाकार उभे खांब. हेच कॉलम व्हील. वरचं बटण हळूच दाबा. खालचे दाते एक घर पुढे सरकतात, चाक वळतं, लिव्हरचं टोक खांबावरून दोन खांबांच्या मधल्या फटीत उतरतं. त्याबरोबर क्लचचं चाक आडवं सरकून मधल्या चाकाला भिडतं आणि सेकंदाचा लाल काटा चालायला लागतो. चालू होताना तो बारीकसा हिसका खातो. दाताला दात भिडताना तेवढं होणारच, तो दोष नाही. बटण मात्र सुरू करताना आणि थांबवताना सारखंच लागलं पाहिजे. एकदा मऊ, एकदा दगडासारखं लागत असेल तर तो नग परत करा.

मग हे पाहा. लाल काटा फेरी पूर्ण करतो तेव्हा तीनच्या जागचा मिनिटांचा काटा एक घर उडी मारतो. या मशीनमध्ये तो शेवटच्या एक-दोन सेकंदांत किंचित हलायला लागतो आणि मग उडी घेतो. तशी त्याची बनावटच आहे. पण दोन खुणांच्या मध्ये लटकून राहत असेल तर जुळणी कच्ची. काटा थांबवून खालचं बटण दाबलं की लाल काटा नेमका बाराच्या रेघेवर आला पाहिजे. दहा-बारा वेळा करून बघा. दर वेळी तेवढ्याच अंतराने बाजूला थांबत असेल तर काटा बसवताना चूक झालीय, ती दुरुस्त होते. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काटा सैल आहे किंवा आत काही घासतंय. क्रोनो चालू असताना खालचं बटण कधीही जोर लावून दाबू नका. हे फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच शून्यावर आणता येणारं मशीन, नव्हे.

व्हीनसने एवढं चांगलं मशीन विकलं का, असं दुकानात पुष्कळजण विचारतात. कॉलम व्हील बनवायला खर्चिक. त्या वेळी सगळ्यांचा कल कॅमवर (खांबांच्या चाकाऐवजी साध्या कापलेल्या पत्रीवर) चालणाऱ्या स्वस्त मशीनकडे होता, आणि जुन्याचे साचे विकून नव्यासाठी पैसा उभा केला, असं आमच्या धंद्यात सांगतात. व्हीनस १९६६ला व्हाल्जू या दुसऱ्या स्विस कंपनीत विलीन झाली आणि तिचं कॅमवालं १८८ तिथे ७७३० या नावाने पुढे चाललं. महागडं मशीन टिकलं ते तिआनजिनमुळे. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

चोर बाजारातल्या घड्याळाबद्दल रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आलंय.

---

टिकटिक सांगली

काटेकोर, माहिती जबरदस्त. पण मी गोदाकाठ यांना दुसरी बाजूही सांगेन. रोज वापरायचं घड्याळ हवं असेल तर सायकोचं स्पीडटायमर सोलर बघा, २०२१ पासून मिळतं. पांढऱ्या डायलवर काळी छोटी डायलं, ३९ मिमी, सेल बदलायची कटकट नाही, पावसाची धास्ती नाही. बजेटच्या थोडं वर जाईल, पण दहा वर्षं निवांत. जुनं रूप हवं आणि डोक्याला ताप नको असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

आणि मेकाक्वार्ट्झ, म्हणजे वेळ क्वार्ट्झवर पण क्रोनोचा भाग यांत्रिक, असं मशीन? बटण दाबल्यावर क्लिक छान येतो आणि रीसेटला काटा ताडकन बारावर येतो. ते तरी चालावं की!

---

काटेकोर

टिकटिक, स्पीडटायमर सोलर चांगलंच आहे, घरातल्या कुणाला भेट द्यायची तर मीही तेच सुचवतो. पण गोदाकाठ यांनी पहिल्याच वाक्यात चावीचं मागितलंय, त्यांना त्यांच्या इच्छेचं मिळू दे.

मेकाक्वार्ट्झचा मुद्दा बरा काढलात. त्यावरूनच फसवणूक पकडता येते. फोटोत जुन्या क्रोनोग्राफसारखं दिसणारं घड्याळ असेल तर आधी छोट्या डायलांकडे बघा. नऊच्या जागी साठ मिनिटांचा आणि तीनच्या जागी चोवीस तासांचा डायल दिसला तर आत सायकोचं व्हीके६४ हे मेकाक्वार्ट्झ असण्याची दाट शक्यता. शिवाय सहाच्या जागी चालत्या सेकंदांचा तिसरा डायल असेल तर व्हीके६३. तो चोवीस तासांचा काटा तासकाट्याला जुंपलेला असतो, मोजमापाशी त्याचा काही संबंध नाही. १९६३च्या या चिनी घड्याळात नऊला चालते सेकंद आणि तीनला तीस मिनिटांचा मोजणारा डायल, एवढंच. मेकाक्वार्ट्झ हे वाईट मशीन नव्हे, साताठ हजारांत ते सुरेख चालतं. राग येतो तो क्वार्ट्झ असल्याचं बारीक अक्षरात लपवून वीस हजार लावणाऱ्यांचा.

आता चोर बाजार. तिथला तो नऊ हजारांचा 'स्विस' घेऊ नका. जुन्या घड्याळांची डायलं घासून पुन्हा रंगवायचा उद्योग आपल्याकडे इतका चालतो की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात. ऐकायला वाईट वाटतं, कारण याच मुंबईत फाव्रल्यूबासारख्या स्विस कंपनीचं पिढ्यान् पिढ्या कार्यालय होतं आणि या शहराच्या पेट्यांत खरोखर चांगले जुने क्रोनोग्राफ पडून आहेत. मूळचं पिवळं, ठिपके पडलेलं डायल असेल तर ते घड्याळ मोलाचं, आणि नेमकं तेच घासून टाकतात.

रंगवलेलं डायल आयग्लासखाली लपत नाही. कारखान्याची छपाई शाईच्या ठशाने झालेली असते, अक्षराला किंचित उठाव आणि कडा धारदार. हाताने किंवा स्क्रीनने रंगवलेल्यात अक्षरं फुगतात, दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. मूळ छोट्या डायलांमध्ये बारीक वर्तुळाकार खाचा असतील तर रंग त्यात भरून बसतो आणि तळ सपाट दिसतो. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे डायल कोरं करकरीत, पण काट्यांवर गंज आणि केसचे कोपरे झिजलेले. साठ वर्षं एकाच पेटीत राहून एकच भाग तरुण कसा राहील?

त्यातलं मशीन चालू असलं तरी ब्रेकचा किंवा क्लचचा एखादा लिव्हर दुसऱ्याच मशीनचा घासून बसवलेला निघतो. असं घड्याळ दुरुस्तीला आलं की सुटे भाग शोधण्यातच महिने जातात. जुना स्विस क्रोनोग्राफ घ्यायचाच असेल तर पाठ उघडून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. उघडायला नकार देणाऱ्याला नमस्कार करून निघा.

---

सिंगापूरकर विदर्भवासी

माझा अनुभव. मी इथे सिंगापुरात विनानावाचं ३८ मिमीचं घेतलं, जवळपास रोज हातात असतं. दोन गोष्टी भर घालतो.

काच. दोन प्रकार मिळतात, अॅक्रिलिक (प्लास्टिकची) आणि सफायर (सहसा ओरखडे न पडणारी). मी अॅक्रिलिकची घुमटी घेतली. ओरखडे पडतात, पण पॉलीवॉच हे पॉलिश लावून पाच मिनिटं घासलं की जातात, आणि त्या घुमटीतून मोतिया डायलवर जो उबदार उजेड पडतो तो सफायरमध्ये मला दिसला नाही.

माप. हेच घड्याळ ४० आणि ४२ मिमीमध्येही येतं. ४२चं हातात घेऊन पाहिलं. मशीन तेवढंच, केस मोठी केलेली, त्यामुळे दोन्ही छोटी डायलं मध्यभागी गोळा झालेली दिसतात आणि बाहेर मोकळं मैदान. ३८च घ्या.

भारतात कुरिअरने मागवाल तर कस्टम आणि कर धरून हिशेब करा. विक्रेत्याने किंमत कमी लिहून पाठवतो असं सांगितलं तरी ऐकू नका, पार्सल अडकलं की निस्तरायचं तुम्हालाच.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचावन्न हजारवाल्याला मागच्या काचेबद्दल विचारलं, त्याने उत्तरच दिलं नाही. चोर बाजारातल्या घड्याळाचे मी काढलेले फोटो मोठे करून पाहिले: छोट्या डायलांचा तळ सपाट आहे आणि काट्यांवर ठिपके आहेत. तो विषय संपला.

आता एका विक्रेत्याकडे ३८ मिमी, अॅक्रिलिक, मागे काच, असा नग ठरवतोय. कस्टमसकट एकवीस हजारांच्या आसपास पडेल. त्याने पाठवण्याआधी त्याच नगाचा व्हिडिओ पाठवला. रीसेट केल्यावर लाल काटा बाराच्या रेघेच्या किंचित उजवीकडे थांबतोय, अर्ध्या सेकंदाएवढा. पाचही वेळा तिथेच. मिनिटांचा काटा नीट उडी मारतोय. नग नाकारू का? आणि काटेकोर, बॅलन्सजवळ (मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकाजवळ) हंसाच्या मानेसारखी वाकडी स्प्रिंग असलेला नग दोन-अडीच हजार जास्त सांगतोय. घ्यावा का? नाशकात याची सर्व्हिस कोण करेल, हीही काळजी आहे.

---

काटेकोर

पाचही वेळा एकाच जागी थांबतोय म्हणजे आतलं सगळं ठीक आहे, फक्त काटा बसवताना अर्धा सेकंद चुकलाय. तरी पाठवायच्या आधीच विक्रेत्याला सांगा, तो काटा काढून पुन्हा बसवून देईल. नवा व्हिडिओ मागवा आणि त्यात घड्याळ उभं, आडवं, पालथं धरून रीसेट करायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा, या घड्याळाला विक्रेत्यांचा तोटा नाही.

स्वान नेक म्हणतात ती स्प्रिंग. घड्याळ पुढे-मागे चालत असेल तर वेळ बारकाईने लावायला सोयीची, आणि काचेतून सुंदर दिसते. पण तिच्यामुळे घड्याळ आपोआप अचूक होत नाही, लावणारा हात लागतो. ते पैसे मी सर्व्हिससाठी राखून ठेवीन. कुणी घेतलं तर हौस म्हणून घ्यावं, त्यातही काही गैर नाही.

सर्व्हिसचं खरं सांगतो. साधं तीन काट्यांचं घड्याळ उघडणारा प्रत्येकजण क्रोनोग्राफ उघडू शकत नाही. नाशकातल्या तुमच्या घड्याळजीला एकच विचारा: कॉलम व्हीलच्या क्रोनोग्राफला तेल कुठे घालत नाहीत? क्लचच्या आणि मधल्या चाकाच्या दातांना तेल लावायचं नसतं. हे त्याने न अडखळता सांगितलं तर घड्याळ त्याच्या हाती द्या. नाहीतर पुण्या-मुंबईत पाठवा. काही मोठं बिघडलं तर एसटी१९चं अख्खं मशीन बदलणं अनेकदा सुटे भाग शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं. स्विस क्रोनोग्राफवाल्यांच्या नशिबी हे सुख नाही.

वापराचं थोडं. रोज ठरावीक वेळी चावी द्या, अटकाव लागला की थांबा. क्रोनो चालू ठेवून दिवसभर फिरू नका. आडव्या क्लचच्या मशीनवर त्याचा भार पडतो आणि बॅलन्सचा झोका कमी होतो. मोजायचं तेवढं मोजा, बंद करा. झाकणावर पाण्याबद्दल काहीही लिहिलेलं असो, पावसाळ्यात हे घड्याळ घरी. बटणांच्या दांड्यांमधून दमट हवा आत जाते आणि निळ्या काट्यांवर पहिला डाग तिथूनच येतो.

आणि पट्टा. सोबत येतो तो बहुधा निकृष्ट असतो. ३८ मिमीच्या केसला १८ मिमीचा पट्टा बसतो. नाशकातच एखाद्या चामड्याचं काम करणाऱ्याकडून तपकिरी, विनाशिलाईचा करून घ्या. घड्याळ आलं की मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, रेग्युलेटर (घड्याळ पुढे-मागे चालणं लावायचा काटा) कुठे आहे ते बघून वेळ लावायची की नाही ते सांगतो.